काटे नसलेलं घड्याळ मनगटावर घालून बघताना

साधं घड्याळ घालून बघायला पाच मिनिटं पुष्कळ झाली. मनगटावर बसतंय का, पट्टा टोचत नाही ना, आरशात बरं दिसतंय का, एवढं बघितलं की काम संपतं. वेळ वाचता येईल ना, ही शंका तिथे कुणालाच येत नाही, कारण ते आपण प्राथमिक शाळेतच शिकून मोकळे झालेलो असतो. उर्वेर्क, एमबी अँड एफ, रेसेन्स या कंपन्यांचं किंवा युलिस नार्दांचं फ्रीक, असलं नेहमीचे काटे नसलेलं घड्याळ समोर आलं की मात्र ही शंका पहिल्या नंबरावर येते. लाखो रुपये मोजून घेतलेलं घड्याळ दिमाखात मनगटावर आणि वेळ बघायला हात खिशातल्या फोनकडे, अशी माणसं जगात आहेत. ती व्हायचं नसेल तर ट्रायलला जाताना एक गोष्ट पक्की करा: अपॉइंटमेंट अशी घ्या की तुम्ही बसलेले असताना मधे तास बदलेल. पावणेअकराला पोचा, सव्वाअकरापर्यंत हलू नका. बाकीचं सगळं या अर्ध्या तासाच्या आजूबाजूला बसवता येतं.

उदाहरणासाठी उर्वेर्कचं यूआर-१०० घेतो. घालून बघण्यातल्या बहुतेक खाचाखोचा त्या एका घड्याळात सापडतात. इतरांबद्दल जागोजागी लिहितोच.

आधी घड्याळ कसं चालतं ते समजून घ्या

ही पायरी दुकानात नाही, घरी करायची. दुकानातला माणूस समजावून सांगतो, पण समोर तीस-चाळीस लाखांची वस्तू ट्रेमध्ये चमकत असताना डोक्यात फारसं शिरत नाही.

यूआर-१०० ला काटे नाहीत. मधोमध फिरणारा एक सांगाडा आहे आणि त्याच्या तीन टोकांना तीन चकत्या. जत्रेतला रहाटपाळणा जमिनीवर आडवा टाकून त्याला तीनच पाळणे ठेवले तर जसा दिसेल, तसा. प्रत्येक चकतीवर चार आकडे असतात: एकीवर १, ४, ७, १०, दुसरीवर २, ५, ८, ११, तिसरीवर ३, ६, ९, १२. डायलच्या खालच्या बाजूला मिनिटांची कमान आहे, शून्य ते साठ. चालू तासाचा आकडा घेऊन एक चकती या कमानीवरून सरकत जाते आणि तिचा बाण मिनिटं दाखवतो. साठावर पोचली की ती बाजूला होते आणि पुढच्या तासाची चकती शून्यावर हजर होते. बाजूला झालेली चकती वरच्या वाटेनं परत यायला निघते. वाटेत एका छोट्या दातेरी क्रॉसमुळे ती स्वतःभोवती पाव फेरी घेते, म्हणजे पुन्हा कमानीवर येईल तेव्हा तिच्यावर तीन तासांनंतरचा आकडा तयार असतो. सगळा सांगाडा तीन तासांत एक फेरी मारतो.

उर्वेर्क १९९७ मध्ये सुरू झालं. फेलिक्स बाउमगार्टनर हे घड्याळजी आणि मार्टिन फ्राय हे डिझायनर ही त्यातली जोडगोळी. पण कल्पना त्यांची नाही आणि ते तसं म्हणतही नाहीत. सतराव्या शतकात रोममध्ये पोप सातवे अलेक्झांडर यांना रात्री झोप लागत नसे. टिकटिक न करणारं आणि अंधारात वाचता येणारं घड्याळ त्यांना हवं होतं. काम्पानी बंधूंनी १६५० च्या दशकात ते करून दिलं: कमानीवरून सरकणारे कोरीव आकडे आणि त्यांच्यामागे तेलाचा दिवा. पुढे हा प्रकार खिशातल्या घड्याळांत आला, मग विस्मरणात गेला. १९९१ मध्ये ऑदमार पिगे कंपनीनं 'स्टार व्हील' या मनगटी घड्याळात पारदर्शक चकत्या बसवून तो परत आणला. आज ज्याला आपण भविष्यातलं घड्याळ म्हणतो, त्याचा मूळ गिऱ्हाईक निद्रानाशानं वैतागलेला एक पोप होता, हे लक्षात असलेलं बरं. निदान विक्रेत्याच्या अंतराळयानाच्या गोष्टी जरा हलक्या वाटतात.

आता यातलं एक गणित, जे माहितीपत्रकात सापडणार नाही. साध्या घड्याळात मिनिटकाटा तासाला ३६० अंश फिरतो, म्हणजे मिनिटाला ६ अंश. इथे पूर्ण तास १२० अंशांच्या कमानीत बसवलाय, म्हणजे मिनिटाला फक्त २ अंश. कमानीची त्रिज्या १७ मिलिमीटर धरली तर एका मिनिटाच्या वाट्याला साधारण ०.६ मिलिमीटर येतात. तेवढ्याच त्रिज्येच्या साध्या डायलवर जवळजवळ १.८ येतात. म्हणजे मिनिट वाचायला एकतृतीयांश जागा. सेकंदकाटा तर नाहीच. हे वाईट आहे असं नाही, पण तुमचे डोळे काय म्हणतात ते आधी बघायला हवं. त्यावर पुढे येतो.

कमानीखेरीज डायलच्या वरच्या अंगाला दोन छोट्या खिडक्या आहेत. साठ मिनिटं संपवून बाहेर पडलेला बाण तिथे पुन्हा डोकं वर काढतो आणि वीस मिनिटांत पृथ्वी स्वतःभोवती किती फिरली (५५५ किलोमीटर) आणि सूर्याभोवती किती पुढे गेली (३५,७४० किलोमीटर) ते दाखवतो. ५५५ चा आकडा विषुववृत्तावरचा आहे. मुंबई १९ अक्षांशावर आहे, म्हणून इथे बसलेला माणूस वीस मिनिटांत साधारण ५२५ किलोमीटरच जातो. याचा रोजच्या जगण्यात शून्य उपयोग. पण घड्याळ आवडण्यामागे असलीच कारणं असतात, त्यामुळे मी तक्रार करणार नाही.

पुठ्ठ्याचं घड्याळ

यूआर-१०० ची रुंदी ४१ मिलिमीटर, लांबी ४९.७ आणि जाडी १४. रुंदीचा आकडा वाचून 'बसेल की' म्हणू नका. असल्या घड्याळांत लांबीच घात करते, कारण केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, गोल नसतो.

टेपनं मनगटाचा घेर मोजा, पण तिथे थांबू नका. हात टेबलावर पालथा ठेवा, वर पट्टी आडवी धरा आणि मनगट दोन्ही बाजूंना उतरायला लागतं तिथपर्यंतची सपाट जागा मोजा. सोळा सेंटिमीटर घेराच्या मनगटावर ही जागा पन्नास-पंचावन्न मिलिमीटरच्या आसपास निघते. हाडापेरावर फरक पडतो. घड्याळाची लांबी या मापापेक्षा जास्त असेल तर त्याची टोकं मनगटाबाहेर अधांतरी राहणार.

मग जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या, ४१ बाय ५० चे तुकडे कापा, चौदा मिलिमीटर जाडी होईपर्यंत एकावर एक चिकटवा आणि रबरबँडनं मनगटावर बांधा. घरातले हसतील, हसू द्यात. रोजचा ऑफिसचा फुलशर्ट घालून बाहीचं बटण लावून बघा. चौदा मिलिमीटरवर बाही अडकते की सरकते, अडकली तर बटण जरा पुढे टाचून घ्यायची तयारी आहे का, ही उत्तरं फुकटात मिळतात. हा ठोकळा संध्याकाळी तासभर हातावर ठेवून भांडी घासा, लॅपटॉपवर काम करा, स्कूटरची किल्ली फिरवा. कुठे आपटतं ते कळेल.

कोकणपट्टीतल्या दमट हवेत सकाळचं मनगट आणि संध्याकाळचं मनगट यांत पट्ट्याच्या एका भोकाचा फरक सहज पडतो. ट्रायल शक्यतो दुपारनंतर, हात थोडे सुजलेले असताना केलेली बरी. अकराच्या ऐवजी चार किंवा पाच वाजण्याचा मुहूर्त धरा.

कुठे जायचं आणि काय लिहायचं

ही घड्याळं काचेच्या कपाटात रांगेनं मांडलेली नसतात. उर्वेर्कचं वर्षाचं उत्पादन दीडशे घड्याळांच्या आसपास असतं. सगळ्या जगाला मिळून एवढंच. तुम्हाला हवं ते मॉडेल त्या दिवशी त्या शहरात असेलच असं धरून चालू नका.

जिनेव्हाला जाणं होणार असेल तर उत्तमच, उर्वेर्क आणि एमबी अँड एफ त्याच गावच्या आहेत. एप्रिलच्या सुमारास तिथे वॉचेस अँड वंडर्स प्रदर्शन भरतं आणि त्यातले शेवटचे दिवस तिकीट काढून कुणालाही जाता येतं. त्याच आठवड्यात छोटे कारागीर शहरातल्या हॉटेलांमध्येही मांडामांड करून बसलेले असतात. एमबी अँड एफनं २०११ मध्ये जिनेव्हात मॅड गॅलरी उघडली. तिथे घड्याळांबरोबर चालती-फिरती यांत्रिक शिल्पंही आहेत, त्यामुळे दार ढकलताना दडपण येत नाही. त्या कंपनीचे संस्थापक मॅक्सिमिलियन ब्यूसर यांची आई भारतीय, हा धागा गप्पांना सुरुवात म्हणून वाईट नाही. आपल्याकडून दुबई जवळ. तिथे नोव्हेंबरात दुबई वॉच वीक होतो, तोही एक वर्षाआड. मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या घड्याळ दुकानांनाही विचारून ठेवा. स्वतःकडे नसलं तरी येणार असेल तेव्हा कळवतात.

ई-मेलमध्ये चार गोष्टी लिहा: कोणतं मॉडेल, कोणत्या तारखा, मनगटाचा घेर, आणि तासाच्या ठोक्याला तिथे असायचंय ही विनंती. पाचवी गोष्ट खरं बोलणं. घ्यायचं नक्की नसेल तर तसं सरळ लिहा. 'सध्या बघतोय, निर्णय झालेला नाही' या वाक्याला चांगलं दुकान नाक मुरडत नाही, उलट तुम्ही फुकट वेळ घालवणारे नाही हे त्यावरून त्यांना कळतं. ज्यांनी मुरडलं, त्यांच्याकडे सर्व्हिससाठी जायची वेळ येऊ नये, एवढाच अर्थ घ्यायचा.

टेबलावर, उभ्यानं नाही

हातातलं कडं, बांगड्या, अंगठ्या, आपलं घड्याळ, सगळं काढून खिशात किंवा पर्समध्ये. मनगटावर नाडा-गंडा असेल तर तो कोपराकडे सरकवा. धाग्याला नाही, पण त्यातल्या धातूच्या मण्याला पॉलिश केलेल्या केसवर ओरखडा काढायला क्षण पुरतो. क्रीम लावून जाऊ नका.

खुर्चीत बसा, कोपर टेबलावर, खाली मऊ ट्रे. घड्याळ घालणं-काढणं पहिल्यांदा दुकानातल्या माणसाला करू द्या आणि बक्कल कसं उघडतं ते बघून घ्या. क्राऊनला (वेळ लावायच्या गुंडीला), बेझलला (काचेभोवतीच्या कड्याला), मागच्या झाकणाला न विचारता हात लावायचा नाही. ही नुसती शिष्टाचाराची बाब नाही: फ्रीकसारख्या घड्याळात बेझल फिरवलं की वेळ बदलते, रेसेन्समध्ये तर मागचं झाकण हाच क्राऊन आहे. सहज चाळा म्हणून फिरवलेली कडा महागात पडू शकते.

मनगटावर चढवायच्या आधी वाचा

लोक इथे घाई करतात. घड्याळ ट्रेमध्येच ठेवून वेळ वाचायला शिका. फोन पालथा करून ठेवा. आधी कमानीवर कोणता आकडा आहे ते बघा, तो तास. मग त्याचा बाण कुठे आहे, ती मिनिटं. मोठ्यानं म्हणा, 'चार वाजून अडतीस', आणि मग फोन उलटून ताडून बघा. दोन-चार मिनिटांनी पुन्हा. मधल्या वेळात गप्पा मारा, मुद्दाम दुसरीकडे बघा.

सुरुवातीला दोन गोंधळ हमखास होतात. एक, डोळे सवयीनं मध्यभागी जातात आणि तिथे काटे शोधत बसतात. हा दहा मिनिटांत सुटतो. दुसरा, किलोमीटरच्या खिडकीत आलेला बाण मिनिटांचा वाटतो. हा जरा चिवट आहे. तिसऱ्या-चौथ्या वाचनालाही तो होत असेल तर नोंद करून ठेवा. कदाचित तुम्हाला याच पद्धतीचं पण बाजूच्या खिडक्या नसलेलं मॉडेल जास्त मानवेल.

चाळिशी लागलेल्यांनी हे सगळं चष्म्याशिवाय पण करून बघावं. वर ०.६ मिलिमीटरचं गणित मांडलं ते याचसाठी. तुम्ही दिवसातून वीस वेळा वेळ बघणार आणि त्यातल्या अठरा वेळा चष्मा डोक्यावर किंवा टेबलावर असणार. 'साडेचारच्या पुढे काहीतरी' एवढंच दिसत असेल तर ते चालेल का, हे स्वतःला विचारा. अनेकांना चालतं. आठ सत्तेचाळीसची फास्ट पकडणाऱ्याला चालणार नाही, पण हे घड्याळ घालून तो फास्टमध्ये चढेल असं मला वाटत नाही.

तास बदलताना

आता बदलाच्या पाच मिनिटं आधी बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि नुसतं बघा.

पंचावन्नच्या पुढे गेलेला बाण कमानीच्या टोकाकडे अगदी आरामात सरकत असतो. तुम्ही हलताना पकडू म्हणाल तर सापडत नाही. अठ्ठावन्नच्या आसपास नजर दुसऱ्या टोकाला न्या. तिथे पुढची चकती येऊन ठेपलेली असते, आकडा वळून तयार, बाण शून्याच्या अलीकडे. थोडा वेळ दोन्ही आकडे दोन टोकांना एकदम दिसतात: इकडे जाणारा चार, तिकडे येणारा पाच. कुठेही खटका नाही, उडी नाही. चाराचा बाण साठावरून उतरतो, पाचाचा शून्यावर चढतो, आणि सगळं इतकं गुपचूप होतं की विक्रेता बोलत असेल तर हुकतं. त्याला नम्रपणे गप्प बसवा.

खरी परीक्षा याच्या पुढच्या दोन मिनिटांत आहे. पाच वाजून एक मिनिट झालेलं असताना, मान वळवून परत एकदम घड्याळाकडे बघा. तुमच्या तोंडून 'पाच-एक' येतंय की 'चार-साठ'सारखं काहीतरी? पुसटशी नजर टाकली तर चुकीच्या टोकाचा आकडा उचलला जाऊन वेळ पूर्ण एका तासानं चुकू शकते. साध्या घड्याळातही हे होतं, पण तिथे तासकाट्याचा कोन आपल्याला न विचारता सावरून घेतो. इथे सावरणारं दुसरं काही नाही. उपाय एकच: कमानीच्या आत असलेला बाण खरा, बाहेर पडलेला विसरा. हे सांगायला सोपं, डोळ्यांना पटायला वेळ लागतो. म्हणून तास बदलताना तिथे बसायचं.

दुसऱ्या घड्याळांमध्ये तास बदलण्याचा थाट निराळा असतो आणि तो बघितल्याशिवाय त्यांच्याबद्दल मत देऊच नये. लांगे कंपनीचं साइटवेर्क (२००९) खिडक्यांमध्ये आकडे दाखवतं: दर मिनिटाला एक चकती टक्कन उडी मारते आणि तासाला तीन चकत्या एकदम. मनगटावर तो ठोका काहींना जाणवतो. एचवायटी कंपनीच्या घड्याळात नळीतला रंगीत द्रव बारा तास पुढे पुढे जातो आणि सहाशी पोचला की माघारी वाहत येतो. ते बघायचं तर सहाच्या ठोक्यालाच बसायला हवं, किंवा दुकानदाराला वेळ पुढे सरकवून दाखवायला सांगा. रेसेन्सच्या डायलवर चकतीच्या आत चकत्या सारख्या जागा बदलत असतात, त्यामुळे तासाचा आकडा आज सकाळी होता तिथे दुपारी नसतो. तिथे तास बदलण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या वेळी वाचून बघणं महत्त्वाचं. फ्रीकमध्ये (२००१) सगळं यंत्रच मिनिटकाटा होऊन तासाला एक फेरी मारतं. ते वाचायला या सगळ्यांत सोपं, कारण मिनिटं नेहमीच्याच जागी असतात. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यानं सुरुवात फ्रीकपासून करावी असं मी म्हणेन.

मनगटावर

चढवलं की आधी हात खाली सोडा आणि उभे राहा. घड्याळ स्वतःच्या वजनानं हाताच्या पंजाकडे घसरतंय का? चौदा मिलिमीटर जाड केस पट्टा ढिला असेल तर बाजूला कलंडतो. पट्टा एक भोक घट्ट करून परत बघा. नवा चामड्याचा पट्टा कडक असतो, तो पुढे मऊ होईल, पण केसची लांबी पुढे कमी होणार नाही. तक्रार कशाबद्दल आहे ते वेगळं काढा.

मग नमस्कार करा. खरंच. हात जोडले की मनगट मागे वाकतं आणि उजव्या अंगाला क्राऊन असलेलं घड्याळ पंजाच्या पाठीत रुततं की नाही ते लगेच कळतं. यूआर-१०० चा क्राऊन वर, बाराच्या बाजूला आहे, त्यामुळे इथे ते सहसा पास होतं. खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठून बघा. खिशात हात घाला. टेबलावर टायपिंग केल्यासारखं करा. स्टीअरिंग धरल्याचा आव आणा आणि मनगट न वळवता वेळ दिसते का बघा.

बाहीची परीक्षा राहिलीच. बटण लावून बाही घड्याळावर येऊ द्या, मग ती हळूहळू मागे घ्या आणि कमानीचा कुठला भाग सगळ्यात उशिरा उघडा पडतो ते बघा. तासाची पहिली पंधरा मिनिटं कायम कापडाखाली राहणार असतील तर तेही कळून असावं. उर्वेर्कच्याच यूआर-११० मध्ये वेळ मुद्दाम उजव्या कडेला आणून ठेवलीय, ती बाही न सारता दिसावी म्हणून. मीटिंगमध्ये गुपचूप वेळ बघणाऱ्यांची सोय कुणीतरी केली, याचं मला कौतुक आहे.

आरशात बघा, पण शेवटी. आणि 'सर, तुमच्या हाताला काय शोभतंय!' हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात हे ध्यानात ठेवून.

उजेड आणि अंधार

दुकानातले दिवे घड्याळ विकण्यासाठीच लावलेले असतात. परवानगी घेऊन, दुकानातला माणूस सोबत असताना, खिडकीपाशी जा. वरच्या नीलमणी काचेला वळण असेल तर दिवसाच्या उजेडात तिच्यात छताचं किंवा आभाळाचं प्रतिबिंब पडतं आणि नेमक्या कमानीवर पडतं. मनगट किती अंश वळवलं की ते हटतं ते बघा. मग दुसऱ्या हाताचा ओंजळीसारखा आडोसा करून अंधारात वाचा. आकड्यांवर चमकणारा रंग आहे का, बाणावर आहे का, आणि तो कमानीवरही आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. नुसता आकडा चमकला तर तास कळतो, मिनिटं नाहीत. काम्पानींच्या दिव्याला हा प्रश्न नव्हता.

किल्ली, वेळ लावणं आणि सोमवारची सकाळ

यूआर-१०० आपोआप किल्ली भरणारं आहे आणि पूर्ण भरल्यावर ४८ तास चालतं. शुक्रवारी रात्री नऊला काढून ठेवलं तर रविवारी रात्री नऊला बंद. म्हणजे फक्त कामाच्या दिवशी घालणाऱ्याला दर सोमवारी वेळ लावणं आलं. तेव्हा वेळ लावायला शिकवा म्हणून सांगा आणि एकदा स्वतःच्या हातानं लावा. बोटांना क्राऊन नीट पकडता येतो का, मिनिट हव्या त्या जागी थांबवता येतं का. उलट्या दिशेनं फिरवलेलं चालतं का, तासाच्या बदलाजवळ फिरवू नये असं काही आहे का, हे प्रत्येक मॉडेलबाबत वेगळं विचारावं लागतं. आकडे उडी मारणाऱ्या घड्याळात तर हमखास विचारा. साइटवेर्कच्या पहिल्या पिढीची साठवण ३६ तास होती, २०२२ च्या नव्या पिढीत ती ७२ केली. दुय्यम बाजारात जुनं बघत असाल तर हा फरक किमतीइतकाच मोलाचा आहे.

पैशाचं आणि पुढचं

यूआर-१०० २०१९ मध्ये ४८,००० स्विस फ्रँकला आलं, म्हणजे त्या वेळच्या दरानं साधारण चौतीस लाख रुपये. एवढ्या पैशात विचारायचे प्रश्न फार नाहीत, पण टाळू नयेत. सर्व्हिस कुठे होते, सर्वसाधारण किती महिने लागतात, पाठवण्याचा खर्च आणि वाटेतला विमा कुणाचा. गल्लीतला घड्याळजी कितीही हुशार असला तरी याला हात लावणार नाही, आणि लावतो म्हणाला तर तुम्ही लावू देऊ नका. कंपनी लहान असेल तर तिच्या तब्येतीचाही विचार करा. २०१२ मध्ये गाजावाजात आलेली एचवायटी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली, मग दुसऱ्या मालकांनी ती उभी केली. मधल्या काळात ज्यांच्या घड्याळातला द्रव अडकला असेल त्यांनी काय केलं असेल, याची कल्पना करून बघा आणि मग विक्रेत्याला विचारा.

भारतात घेतलं तर पॅन लागतोच. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर दुकानदार एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, वसूल करतो. तो विवरणपत्रात वळता करता येतो, पावती जपा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख देण्या-घेण्याचा विषय काढू नका. स्वित्झर्लंडसह एफ्टा (युरोपातल्या चार देशांचा व्यापारगट) देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय आणि स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे, त्यामुळे घाई नसलेल्यानं हिशेब करून थांबण्यात अर्थ असू शकतो. जिनेव्हात घेतलं तर तिथला ८.१ टक्के व्हॅट परत मिळतो, पण मुंबई विमानतळावर रेड चॅनलला जाऊन शुल्क भरायचं आहे, हे गृहीत धरूनच किंमत ठरवा. हातावर घालून 'जुनंच आहे' म्हणत बाहेर पडण्याचे सल्ले देणारे तज्ज्ञ प्रत्येक गोतावळ्यात असतात. त्यांना दंडाची पावती दाखवायला सांगा.

पहिल्या ट्रायलला कधीही पैसे भरू नका. बयाणा सुद्धा नाही. आणि एवढी रक्कम अजून दूर असेल पण वाचायची पद्धत आवडली असेल, तर एमबी अँड एफच्याच ब्यूसर यांनी २०२१ मध्ये काढलेलं मॅड-वन कुणाकडे बघायला मिळतं का पाहा. सुरुवातीला ते २,९०० फ्रँकला दिलं होतं आणि त्यात वेळ केसच्या कडेला, आडवी वाचायची असते. पद्धत वेगळी, पण काट्यांशिवाय जगता येतं का ते त्यावरही कळतं.

निघण्यापूर्वी विचारून फोटो काढा. सुंदर दिसणारे नकोत, वेळ दिसणारे हवेत: अर्ध्या तासात अधूनमधून सात-आठ, त्यांतले दोन-तीन तास बदलायच्या आसपासचे. घरी आल्यावर ते बघू नका. दोन दिवसांनी, चष्मा न लावता, एकेक उघडून वेळ वाचा, कागदावर लिहा आणि मग फोनमध्ये फोटोच्या तपशिलात नोंदलेल्या वेळेशी ताडून पाहा. तास बदलण्याच्या आसपासच्या फोटोंत तास चुकत असेल तर दुसऱ्या ट्रायलची वेळ मागून घ्या, आणि तीही ठोक्याच्या आसपासचीच.